जळगावहून कुटुंबासह एक दिवसाची सहल: कुठे, कोणत्या महिन्यात, आणि कुठे फसते

गिरणाई
राम राम मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून पाहुणे येताहेत. एकूण १४ माणसं: सत्तरी ओलांडलेले तिघं (दोघांचे गुडघे कुरकुरतात), ४ ते १२ वर्षांची पाच मुलं, उरलेले सहा धडधाकट. मुक्काम जळगावात, चार दिवस हातात. सतरा सीटर ट्रॅव्हलर ठरवायची आहे. डोक्यात असं आहे: एक दिवस तोरणमाळ, एक दिवस मनुदेवीचा धबधबा, एक दिवस पाटणादेवी-पितळखोरे-वेरूळ आणि एक दिवस अजिंठा. कितपत जमेल? स्पष्ट सांगा, राग येणार नाही.

वाघूरपलीकडे
स्पष्टच सांगतो ताई, चारपैकी फक्त अजिंठा जमेल. बाकीच्यांत एक बेत पावसाळ्याचा आहे आणि दोन एका दिवसात न मावणारे आहेत.

आपल्याकडे सहल ठरवताना आधी महिना बघायचा, मग नकाशा. जुलै ते सप्टेंबर पाण्याच्या जागा: मनुदेवी, पाटणादेवीजवळचा केदारकुंड, साक्री तालुक्यातली अलालदरी, अजिंठ्याचा सातकुंड. ऑक्टोबरात जंगल हिरवं असतं आणि वाटा वाळलेल्या, म्हणजे सातपुड्यातलं पाल आणि गौताळ्याचं अभयारण्य. नोव्हेंबर ते फेब्रुवारी लेणी, किल्ले, हतनूरचे पक्षी आणि शेतातलं भरीत. मार्चच्या मध्यानंतर दुपारी घराबाहेर काढायचंच नाही कुणाला. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा सहल सकाळी सहा ते दहा एवढीच.

मनुदेवीला डिसेंबरात जा, देवीचं दर्शन होईल, सातपुड्याच्या कुशीतली जागा सुंदरच आहे. पण मुलांना ‘धबधबा दाखवतो’ सांगून नेलंत तर कड्यावरचा ओला पट्टा दाखवावा लागेल.

तोरणमाळ: जळगावहून चोपडा, शिरपूर, शहादा करत दोनशेच्या आसपास किलोमीटर. त्यातले शेवटचे साधारण ५५ शहाद्यापुढचे, आणि त्यात घाट. मुलं-म्हातारी घेऊन जायला पाच-साडेपाच तास, यायला तेवढेच. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो. म्हणजे वर तीन तास राहायला अकरा तास गाडीत बसायचं.

पाटणादेवी-पितळखोरे-वेरूळ हे तर तीन वेगळे दिवस आहेत.

सातपुड्याचा_वारा
तोरणमाळबद्दल थोडी भर. धुळे-नंदुरबारकरांना ते एका दिवसात जमतं, पहाटे पाचला निघाले तर. जळगावकरांनी मुक्कामालाच जावं. मुक्काम करणार असाल तर हे लक्षात ठेवा:

रस्ता शहादा, म्हसावद, राणीपूर, काळापाणी असा. डिझेल-पेट्रोल शहाद्यातच पूर्ण भरून घ्यायचं, घाट चढल्यावर पंपाची आशा धरायची नाही. रोख पैसेही तिथूनच काढून न्या. वर मोबाइलचा भरवसा नाही, त्यामुळे दोन गाड्या असतील तर ‘वर गेल्यावर फोन करतो’ असं म्हणायचं नाही. भेटायची जागा आणि वेळ खालीच ठरवायची. यशवंत तलावाचा काठ सगळ्यांत सोपा, कुणालाही विचारलं तरी सापडतो.

सातपायरी घाटात वळणावर वळण आहे. ट्रॅव्हलरच्या मागच्या सीटवर बसणाऱ्याला सगळ्यांत जास्त हेलकावा बसतो, म्हणून ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा. उलटीची गोळी घाट सुरू झाल्यावर देऊन उपयोग नसतो, निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यावी लागते. मुलांचा डोस डॉक्टरांना विचारूनच. शहाद्यात पोटभर मिसळ हाणून लगेच घाट चढायचा नाही.

उतरताना ड्रायव्हर नवा असेल तर त्याला सांगा: ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. न्यूट्रल करून नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली की ब्रेक तापतात आणि तळाशी पोचेपर्यंत धरेनासे होतात. जळका वास आला तर थांबायचं, वीस मिनिटं गार होऊ द्यायचं, चाकावर पाणी ओतायचं नाही.

आणि थंडी! जळगावच्या थंडीवर हिशेब करू नका. उंची हजार मीटरच्या वर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे स्वेटर पुरत नाही, कानटोपी आणि रग लागतो. सीताखाईत पाणी बघायचं तर मात्र पावसाळा संपता संपताच जायला हवं.

गिरणाई
तोरणमाळ बाद. पण पाटणादेवी जवळ आहे ना? चाळीसगावपर्यंत रस्ताही बरा आहे म्हणतात.

चंडिकाघाट
पाटणादेवी बाद करू नका, फक्त तिच्याबरोबर दुसरं काही जोडू नका.

जळगाव ते चाळीसगाव सव्वादोन-अडीच तास, तिथून १८ किमी पाटणादेवी. जागा गौताळा औट्रमघाट अभयारण्यात आहे, त्यामुळे नियम जंगलाचे: गेटवर नोंद, संध्याकाळच्या आत बाहेर, प्लास्टिक परत न्यायचं, चूल पेटवायची नाही. माकडं हातातली पिशवी ओढतात. नैवेद्याचं ताट उघडं धरून चालू नका, आणि डबे गाडीतच झाकून ठेवा.

गुडघेदुखीवाल्यांना चंडिकादेवीचं मंदिर आणि जवळचं हेमाडपंती महादेव मंदिर एवढं पुरे. धडधाकट मंडळींनी तेवढ्या वेळात धवलतीर्थाकडे फेरी मारावी. कन्हेरगडाची चढण मुलांना घेऊन करायची नाही. वाटेवर घसारा आहे, दगड पायाखालून निसटतात.

मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. हाच पाटणचा परिसर भास्कराचार्यांच्या नावाशी जोडलेला आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, त्याला निकुंभ राजांनी दान दिलं, हे पाटणच्या शिलालेखात कोरलेलं आहे. काळ शके ११२८ च्या सुमाराचा, म्हणजे १२०६-०७. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. गणिताला कंटाळलेल्या मुलाला गणिताच्या शाळेची जागा दाखवायची, याहून चांगली सहल कुठली? (मुक्ताईनगरचे योगी चांगदेव वेगळे, बरं का. पुष्कळ लोक घोळ करतात.)

आता पितळखोरे. नकाशावर पाटणादेवीला चिकटून दिसतं, पण मध्ये दरी आहे. पाटणादेवीकडून दरीतून चालत जायची वाट आहे, ती जंगलाची सवय असलेल्यांनी, वाटाड्या घेऊन, वनखात्याला विचारून करायची. गाडीचा रस्ता घाट चढून कन्नडच्या बाजूने, काळीमठावरून. तिथे पठारावर गाडी ठेवून बऱ्याच पायऱ्या खाली उतरायच्या. उतरणं फुकट, चढणं महाग. तिघा ज्येष्ठांना वर गाडीत बसवून ठेवणार असाल तर नेण्यात अर्थ नाही.

ज्यांना जमेल त्यांनी मात्र वेगळा दिवस काढून जावंच. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची लेणी, चौथ्या लेण्याच्या जोत्यावर दगडी हत्तींची रांग आणि दारावर दोन द्वारपाल. इथला एक यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, त्याच्या हातावर तो घडवणाऱ्या सोनाराचं नाव कोरलंय: कान्हदास. आपल्या मातीला शोभणारं नाव.

भो_मंडळी
चंडिकाघाट, एकदम बरोबर शे. फक्त चाळीसगाव-कन्नड रस्त्यावरच्या औट्रम घाटाचं लिहायचं राहिलं. वेरूळ जोडायचं तर तो घाट चढावा लागतो, आणि सुटीच्या दिवशी एक गाडी बंद पडली की दोन्हीकडे रांग लागते. पाटणादेवी घाटाच्या खाली आहे, तिला घाट लागत नाही. म्हणून ती एकटीच करायची. वेरूळ मंगळवारी बंद असतं हेही ध्यानात ठेवा, लोक घाट चढून जातात आणि गेटवर उभे राहतात.

वाघूरपलीकडे
अजिंठ्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण जळगावकर ‘काय, इथेच तर आहे’ म्हणून अकराला निघतात आणि सगळं बिघडतं.

जळगाव, नेरी, पहूर, वाकोद, फर्दापूर. साधारण ६० किमी. लेणी सकाळी ९ ला उघडतात, तुम्ही साडेआठला फर्दापूरच्या टी-पॉइंटवर हवेत. खासगी गाडी तिथेच ठेवायची. पुढचे ४ किमी त्यांच्या बसनेच. कारण धूर आणि हादरे लेण्यांपासून लांब ठेवायचे आहेत. बसचं तिकीट वेगळं, लेण्यांचं वेगळं. १५ वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट नाही. सुटे पैसे ठेवा.

बसमधून उतरल्यावर तिकीटखिडकीपासून पहिल्या लेण्यापर्यंत जो जिना आहे तोच सगळ्यांत दमवणारा. तो चढला की पुढची वाट नालाच्या आकारात डोंगराच्या कडेने जाते, बरीचशी सपाट, मधूनमधून पायऱ्या. गुडघेवाल्यांसाठी डोली मिळते. भाव चढण्याआधी ठरवायचा, आणि ‘कुठपर्यंत, किती वेळ थांबणार, परत आणणार का’ हे तिन्ही ठरवायचं. इथेच वाद होतात.

तीसच्या तीस लेणी बघायच्या फंदात पडू नका. मुलं पाचव्या लेण्यानंतर दगड वेचायला लागतात. हा क्रम ठेवा:

आधी १ आणि २, गर्दी व्हायच्या आत. पहिल्या लेण्यात आत गेल्यावर काहीच दिसत नाही, लोक तिथूनच ‘अंधार आहे’ म्हणून परततात. चार-पाच मिनिटं शांत उभं राहायचं, डोळे सरावतात, मग गाभाऱ्याच्या डाव्या हाताला पद्मपाणी आणि उजव्या हाताला वज्रपाणी हळूहळू वर येतात. दुसऱ्या लेण्यात मान वर करून छत बघायचं. मग १० नंबर: सगळ्यांत जुन्या लेण्यांपैकी एक चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं दालन. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि त्याला लेणी दिसली. त्याने आपलं नाव आणि तारीख या लेण्यातल्या खांबावर कोरून ठेवली. तेव्हा आत इतकी भर साचली होती की ते कोरलेलं आज माणसाच्या डोक्याच्याही वर आहे. मग १६, १७. सतरावं शेवटी ठेवू नका. चित्रं सर्वांत जास्त तिथेच टिकलीत, दमल्यावर बघण्यासारखी नाहीत. मग १९ चा दर्शनी भाग आणि २६ मधला महापरिनिर्वाणाचा बुद्ध, जवळपास ७ मीटर लांब. मुलांना तो आवडतो, कारण तो झोपलाय.

चित्रांच्या लेण्यांत ठरावीक संख्येनेच सोडतात, चपला बाहेर, फ्लॅश बंद. चित्रं मातीच्या गिलाव्यावर, वाळलेल्या पृष्ठभागावर काढलीत. माणसांच्या श्वासाची वाफ आणि हाताचा घाम त्या गिलाव्याला सोसत नाही. रांगेत कुरकुर सुरू झाली की हे कारण सांगायचं. सारखे काढायला लागतात म्हणून सगळ्यांनी चपलाच घाला, लेसचे बूट नकोत.

साडेनऊ ते एक, एवढं पुरे. मग खाली उतरून जेवण.

केळीचं_खोड
टी-पॉइंटला आणि वर रंगीत स्फटिक विकणारे मागे लागतात. मुलं हट्ट करणार. पांढरे, फिकट हिरवे, गुलाबीसर असतात ते बहुतेक आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातलेच झिओलाइट आणि त्यांच्या जोडीने सापडणारी खनिजं. जळगाव जिल्ह्याचा अपोफिलाइट तर जगभरच्या संग्रहालयांत आहे. पण गडद जांभळा, निळा, गुलाबी लखलखीत दिसला तर रंग दिलेला समजा. ओल्या रुमालाने घासून बघा. भाव पहिल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शापासून सुरू करायचा.

मेहरूणकर
ज्येष्ठांसाठी अर्ध्या दिवसाचे दोन पर्याय सुचवते.

एक, गावातच गांधीतीर्थ, जैन हिल्सवर. २०१२ साली सुरू झालेलं गांधीजींवरचं संग्रहालय. सपाट जागा, बसायला सावली, स्वच्छतागृहं नीट. दोन-अडीच तास धरा. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा, १४ जणांचा गट म्हटला की सांगितलेलं बरं.

दोन, पद्मालय. एरंडोलजवळ, जळगावहून तासाभराचा रस्ता. एकाच गाभाऱ्यात दोन गणपती, एक डाव्या सोंडेचा, एक उजव्या सोंडेचा. समोर कमळांचं तळं आणि आवारात ती प्रचंड घंटा. चतुर्थीला, त्यातून अंगारकीला, पाहुण्यांना नेऊ नका, गाडी लावायला जागा मिळत नाही. तिथून फरकांड्याचे झुलते मनोरे बघू असं कुणी म्हणालं तर: त्या जोडीतला एक मनोरा पडून वर्षं झाली, एकच उरलाय. तोही लांबून बघायचा. हलवून बघायला वर चढायचं नाही.

हतनूर_बगळा
डिसेंबर आहे आणि हतनूरचं नाव कुणी काढलं नाही!

भुसावळहून मुक्ताईनगरच्या बाजूला अशी फेरी बांधा: पहाटे सहाला जळगाव सोडा, सात-साडेसातला हतनूर धरणाचा फुगवटा. पक्षी नऊपर्यंतच काठाजवळ असतात, ऊन चढलं की पाण्यात लांब जातात. दुर्बीण ८×४० किंवा १०×५० असली तर बास, पण पाच मुलांत एक दुर्बीण म्हणजे भांडण, दोन न्या. भडक कपडे नकोत. सूर्य पाठीशी राहील अशा काठावर उभं राहा, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतात.

तिथून चांगदेव गाव, तापी-पूर्णेच्या संगमावर. जुनं दगडी मंदिर, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. संगमावर नाव मिळते. लाइफ जॅकेट नसेल तर बसू नका, आणि नावाडी ‘काही होत नाही’ म्हणाला तर नक्कीच बसू नका. मग कोथळीचं मुक्ताईचं मंदिर. मुक्ताई इथेच तापीकाठी १२९७ मध्ये विजेच्या लोळात लुप्त झाल्या अशी वारकऱ्यांची श्रद्धा. ज्येष्ठ मंडळी इथे तासभर बसतील, घाई करू नका. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा असते, तेव्हा रस्ते वेगळे चालतात. दोनपर्यंत परत.

सातपुड्याचा_वारा
याच रस्त्याने पुढे बऱ्हाणपूर. गावाचं नाव काढलं की लोक ‘ते तर मध्य प्रदेशात’ म्हणतात, पण फारुकी सुलतानांच्या खानदेशची राजधानीच ती. जळगावहून साधारण १०० किमी, किंवा भुसावळहून रेल्वेने तासाभरात.

शाही किल्ल्यातला हमाम आणि त्याच्या छतावरची नक्षी बघा. मुमताजमहल १६३१ ला याच गावात वारली, ताजमहालाच्या आधी तिचं दफन इथेच, आहूखाना नावाच्या शाही बागेत झालं होतं. जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे, पाहुण्यांना दाखवाच. कुंडी भंडारा म्हणजे सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने गावात आणायची १६१५ च्या सुमाराची व्यवस्था. खाली उतरायची लिफ्ट चालू आहे का ते आधी विचारा, बंद असली तर वरून नुसती विहिरींची तोंडं दिसतात. असीरगड २० किमी पुढे, तो या दिवसात कोंबू नका. येताना मावा जिलेबी घ्या. गरम असताना डब्याचं झाकण घट्ट लावलं की वाफेने ती मऊ पडते.

भाड्याची गाडी असेल तर बुकिंग करतानाच ‘परराज्यात जायचंय’ सांगा. परवाना आणि कर गाडीवाल्याने आधी पाहिलेला बरा. सीमेवर कळलं की तासभर तिथेच.

लाल_परी
गाडी ठरवताना आणखी काही, कारण भांडणं इथेच होतात:

दर प्रतिकिलोमीटर असतो, पण दिवसाला किमान किलोमीटर धरतात, बहुधा २५० ते ३००. अजिंठ्याला जाऊन-येऊन १२०-१३० झाले तरी पैसे किमान आकड्याचेच. म्हणून जवळच्या फेरीला ‘ठोक किती’ असं विचारा. किलोमीटर गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजतात, तुमच्या दारापासून नाही. ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग वेगळं. रात्री बाराला दिवस बदलतो, साडेबाराला परतलात तर दोन दिवस. निघताना मीटरचा फोटो काढून ठेवा.

सतरा सीटरमध्ये चौदा माणसं आणि सामान म्हणजे गाडी भरलीच. वरचं कॅरिअर आहे का, स्टेपनी आणि जॅक आहे का, हे आदल्या दिवशी बघा. सकाळी सहाला बघून काही करता येत नाही.

धुळेकर_मावशी
धाग्यात सगळे जळगावचेच दिसताहेत. धुळ्याहून अर्धा दिवस असेल तर काय, तेही लिहा कुणीतरी.

पांझरेचं_पाणी
मावशी, मी लिहितो. सकाळी लळिंग किल्ला, शहरापासून दहाएक किमी, आग्रा रोडला लागूनच. पायथ्याच्या गावातून पाऊण तासाची चढण, सावली नाही, म्हणून आठच्या आत सुरुवात आणि माणशी दीड लिटर पाणी. खालचा लळिंगचा बंगला म्हणजे बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली धुळ्याला खटल्यासाठी आले तेव्हा थांबले होते ती जागा. ३१ जुलैला तिथे गर्दी असते.

दुपारी गावात राजवाडे संशोधन मंडळ, आणि समर्थ वाग्देवता मंदिर. समर्थ रामदासांच्या हातचं वाल्मीकी रामायण तिथे जपलेलं आहे. पोथ्या बघायच्या तर आधी विचारून जा, हात लावायचा नाही आणि मुलांच्या हातात खाऊ नको. सोनगीर उत्तरेला वीसेक किमी, किल्ला लहान, पण तांब्या-पितळेची भांडी घ्यायला लोक जातात. ठोक्याचं भांडं घेताना आतून बोट फिरवा, ठोके हाताला सारखे लागले पाहिजेत.

गिरणाई
सगळ्यांचे आभार. एक दिवस शेतात भरीत करायचं म्हणताहेत आमचे आबा. आसोद्याला नातेवाइकांचं शेत आहे. १४ आपण आणि तिथले ६, वीस माणसं. किती काय आणायचं?

बामणोदची_वांगी
आता खरा प्रश्न विचारला! लिहून घ्या, वीस माणसांचं.

वांगी: ७ किलो. भाजून, सोलून, देठ काढून साडेचार-पाच किलो गर राहतो. आपली हिरवट-पांढरी भरताची वांगीच हवीत, जांभळी नकोत. २०१६ पासून ‘जळगाव भरीत वांगी’ला भौगोलिक मानांकन आहे, ते उगाच नाही. निवडताना हातात तोला: आकाराच्या मानाने हलकं लागलं तर बी कमी. जड आणि कडक लागलं तर आत बी भरलंय, भरीत कडवट होईल. देठ हिरवा, काटे टोचणारे म्हणजे ताजं. डिसेंबरच्या सुट्यांत भाव चढतो आणि माल संपतो, दोन दिवस आधी सांगून ठेवा.

बाकी: हिरवी मिरची ३०० ग्रॅम (पुण्याचे पाहुणे आहेत ना, १५० करा आणि उरलेलीचा ठेचा वेगळा), लसूण २०० ग्रॅम, शेंगदाणे ३०० ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचे काप वाटीभर, कांद्याची पात ८ जुड्या, कोथिंबीर ४ जुड्या, तेल पाऊण लिटर, मीठ, मोहरी, जिरं.

जळण कपाशीच्या काड्यांचं, पऱ्हाटीचं. गॅसवर किंवा कोळशावर भाजलेलं भरीत नाही, ती वांग्याची भाजी. काड्या एकदम पेटतात, मोठा जाळ होतो आणि लवकर बसतो. त्यामुळे साल भराभर जळते, धूर आत मुरतो आणि गर कोरडा पडत नाही. दोन मोळ्या हाताशी हव्यात, कारण पहिला जाळ बसायच्या आत दुसऱ्या काड्या टाकाव्या लागतात.

वांग्याला सुरीने एक-दोन चिरा द्या, नाहीतर आतली वाफ कोंडून फुटतं आणि राख तोंडावर येते. चिरेतून आत कीड आहे का तेही दिसतं. ती जाळावर एका थरात मांडायची, ढीग करायचा नाही. लांब काठीने फिरवत राहायचं. पंधरा-वीस मिनिटं. झालं की नाही हे देठाजवळ दाबून बघायचं. पोट लवकर मऊ होतं, देठाकडचा भाग शेवटी शिजतो. लोक तिथेच घाई करतात आणि मग भरतात कचवट गाठी येतात.

काढल्यावर परातीत दहा मिनिटं झाकून ठेवा, साल सुटते. सोलताना बोटं पाण्यात बुडवायची, वांगं नाही. वांगं पाण्याखाली धरलं की धुराचा वास धुऊन जातो आणि भरीत पाणचट होतं. थोडी काळी साल राहिली तर राहू द्या.

मग लाकडी भांड्यात लाकडी मुसळीने ठेचायचं. मिक्सर नको, लगदा होतो. धागा दिसला पाहिजे. मिरची-लसूणही भाजून त्यातच ठेचतात. तेल कडकडीत तापवून मोहरी, जिरं, शेंगदाणे, खोबरं, शेंगदाणे तांबूस झाले की पात, पात नुसती मऊ झाली की वांगं. मीठ शेवटी. हळद घालायची नाही.

सोबत कळण्याच्या पुऱ्या किंवा भाकरी. कळणा म्हणजे चार वाटे ज्वारी, एक वाटा सालासकट उडीद, मीठ घालून दळलेलं. वीस जणांना साडेतीन किलो पीठ.

मेहरूणकर
जाळ झाडाखाली किंवा उभ्या पिकाजवळ करू नका, हरभरा-गहू वाळायला लागला असेल तर ठिणगी पुरते. दोन बादल्या पाणी बाजूला. आणि शेतावर बायकांच्या स्वच्छतागृहाची सोय काय आहे हे आधी विचारून ठेवा, पुरुष मंडळींच्या हे कधी लक्षात येत नाही.

केळीचं_खोड
बाकीच्या दिवसांच्या डब्याचं: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, गूळ, केळी. दुधात मळलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. दहीभात आणि ओल्या खोबऱ्याची चटणी टाळा, बंद गाडीत दुपारपर्यंत आंबतात. पाणी २० लिटरचे दोन जार.

गिरणाई
आता असं ठरवलं:
शुक्रवार: हतनूर, चांगदेव, मुक्ताई. दोनपर्यंत परत.
शनिवार: आसोद्याला भरीत.
रविवार: ज्येष्ठ गांधीतीर्थला, बाकीचे रेल्वेने बऱ्हाणपूर.
सोमवार: अजिंठा, सहाला निघून.
पाटणादेवी पावसाळ्यासाठी राखून ठेवली.

भो_मंडळी
ताई, अजिंठा सोमवारी बंद!

गिरणाई
अरे देवा. मग शुक्रवारी अजिंठा, सोमवारी हतनूर?

वाघूरपलीकडे
हो, तसंच करा. शनिवार-रविवारपेक्षा शुक्रवारी तिथे गर्दीही कमी. भरताचा दिवस हलवू नका, वांगी गुरुवारीच सांगून ठेवा.

हतनूर_बगळा
सोमवार तर पक्ष्यांना उत्तम, रविवारची हुल्लड उतरलेली असते. साडेसातला काठावर या, आणि दुर्बिणी दोनच आणा.